केसाएवढी फट: पेस्ट लावावी की पॅड?

आमच्या विदर्भात ‘कूलर’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो खिडकीत बसवलेला, गवताच्या ताट्यांवरून पाणी झिरपवणारा पत्र्याचा कूलर. त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये “आज कूलर खोलून साफ करतो,” असे मी म्हणालो, तेव्हा वडिलांनी जुन्या ताट्या सोडवायला मुकाट्याने पक्कड आणून दिली. मला खोलायचा होता तो संगणकाच्या प्रोसेसरवर बसवलेला, तळहातात मावेल एवढा कूलर. त्या दिवशी सुरू झालेले काम तासाभरात उरकेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ते मे महिना संपेपर्यंत पुरले.

अकोल्यात माझा लग्नाचे अल्बम आणि पत्रिका तयार करून देण्याचा व्यवसाय आहे. लग्नसराई आणि उन्हाळा एकदमच येत असल्यामुळे संगणकावर सर्वाधिक ताण पडतो तो नेमका बाहेर ४३-४४ अंश तापमान असताना. सकाळी ज्या अल्बमची पाने २० मिनिटांत एक्स्पोर्ट होत, त्यालाच दुपारी २७ मिनिटे लागू लागली आणि पंख्याचा आवाज पीठगिरणीच्या वाटेने जाऊ लागला. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावून पाहिले, तर प्रोसेसरचे तापमान ९५ अंशांवर जाऊन तिथेच खिळलेले दिसले. माझा प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ३६००, म्हणजे २०१९ साली बाजारात आलेला, सहा कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या सहा गणनकेंद्रांचा. ९५ अंश ही त्याला घालून दिलेली कमाल मर्यादा आहे आणि तिथे पोहोचल्यावर तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. एरवी सर्व कोअर कामाला लागल्यावर ४ गिगाहर्ट्झच्या आसपास राहणारा त्याचा वेग साडेतीनच्याही खाली घसरला होता.

खोलण्याआधी मी एक साधा हिशेब केला, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांत तोच उपयोगी पडला. हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीतील हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. तो किती तापेल हे हवेच्या तापमानात काही अंश मिळवून ठरते, आणि ते मिळवायचे अंश कूलर, पंखा व मधला सांधा, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला पेस्टचा किंवा पॅडचा थर, यांवर अवलंबून असतात. खोली २५ अंशांवर असताना ५८ अंशांची भर पडली, तर ८३ होतात आणि कुणाचे काही बिघडत नाही. खोली ३९ वर असताना तीच भर मर्यादेच्या पलीकडे जाते. म्हणजे दोष उन्हाळ्यात निर्माण झालेला नव्हता. हिवाळ्याने तो झाकून ठेवला होता. तेव्हापासून मी कॅबिनेटशेजारी एक साधा तापमापक टांगला आणि प्रत्येक मोजणीत प्रोसेसरच्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा करूनच नोंद केली. ज्या घरात दुपारी आणि रात्री खोलीच्या तापमानात दहा अंशांचा फरक पडतो, तिथे याशिवाय केलेली कोणतीही तुलना निरर्थक आहे.

कॅबिनेट उघडल्यावर आधी धूळ निघाली, आणि तीसुद्धा नेहमीची सुटी धूळ नव्हती. खिडकीतल्या कूलरची दमट हवा समोरच असल्यामुळे हीटसिंकच्या, म्हणजे कूलरच्या पंख्याखालच्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये तिचा नमदा बसला होता. ब्लोअर आणि जुन्या रंगाच्या ब्रशने ती काढल्यावर पाच अंश कमी झाले. हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे पेस्ट आणि पॅड यांवर मी जो वेळ आणि पैसा घातला, त्यातून मिळालेला फायदा याहून फार मोठा नव्हता, आणि धूळ काढायला काहीच खर्च आला नव्हता.

हीटसिंक काढताना मात्र घाई नडली. या प्रोसेसरच्या खालच्या अंगाला १३३१ पिना असतात आणि तो सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्याच्या बैठकीत, एका छोट्या लीव्हरच्या पकडीवर बसलेला असतो. पेस्ट वाळून घट्ट झाली असेल आणि हीटसिंक सरळ वर ओढला, तर लीव्हर बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून वर येऊ शकतो. यंत्र १५ मिनिटे कामाला लावून गरम करायचे, बंद करायचे, चारही स्क्रू सोडवायचे आणि हीटसिंक वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच पिळायचा, ही रीत मला माहीत होती. पण मी थंड यंत्रावरच जोर लावला. ‘टक्’ असा आवाज आला आणि प्रोसेसर हीटसिंकला लटकत हातात आला. कोपऱ्यातल्या तीन पिना वाकल्या होत्या. अर्ध्या मिलिमीटरच्या पेन्सिलीतील शिसे काढून टाकून तिच्या पोकळ टोकात एकेक पिन धरून मी ती सरळ केली. त्या २० मिनिटांत घरात कुणाला बोलू दिले नाही.

पेस्टची अवस्था पाहण्यासारखी होती. चार वर्षांपूर्वी कूलरच्या तळाला कारखान्यातूनच लावून आलेली ती राखाडी पेस्ट डबीत उघड्या राहिलेल्या चुन्यासारखी झाली होती. नखाने खरवडली तर तिचे पापुद्रे निघत होते आणि मधोमध दोन-तीन ठिकाणी उघडा धातू दिसत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्मा पुसायचे कापड घेऊन दोन्ही पृष्ठभाग लख्ख केले. तेव्हा प्रथमच कूलरचा तळ नीट पाहिला. तो सपाट वाटतो, पण उजेडात तिरका धरला की त्यावर यंत्राने कापल्याच्या गोल रेषा दिसतात. प्रोसेसरचे झाकणही असेच, डोळ्याला सपाट आणि प्रत्यक्षात खडबडीत. दोन धातू एकमेकांवर दाबले तरी ते मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात आणि बाकीच्या खळग्यांत हवा कोंडलेली राहते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन आणि हवेची ०.०२६, म्हणजे हवा जवळजवळ १५,००० पट वाईट. पेस्टचे काम एवढेच की त्या खळग्यांतून हवेला हुसकून तिथे स्वतः बसावे. ती धातूपेक्षा चांगली वाहक नसते, तशी असण्याची गरजही नसते. धातू धातूला टेकलेलाच असावा आणि उरलेल्या जागेपुरतीच पेस्ट असावी, म्हणून तिचा थर जितका पातळ तितका चांगला.

हे सगळे आज मी शहाणपणाने लिहितो आहे. त्या दिवशी बाजारात गेलो तेव्हा यातले अर्धेही समजलेले नव्हते. दुकानदाराने पेस्टऐवजी निळ्या सिलिकॉनच्या पॅडचा चौकोन पुढे केला. “हे कापा न् ठेवा, वाळायची भानगडच नाही,” असे तो म्हणाला आणि मला ते पटले. पॅड १ मिलिमीटर जाड होते, बोटाला मऊ आणि किंचित चिकट लागत होते, आणि वेष्टनावर ६ वॅट प्रति मीटर-केल्विन असे छापलेले होते. माझ्या ओळखीच्या बऱ्याच पेस्टच्या वेष्टनांवरही ४ ते ८ असेच आकडे असतात, तेव्हा काम सारखेच होईल असा माझा समज झाला. कात्रीने ४० मिलिमीटरचा चौकोन कापला, बसवला, स्क्रू आवळले आणि सिनेबेंच हे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारे चाचणीचे सॉफ्टवेअर सुरू केले. एका मिनिटाच्या आत ९५ अंश झाले आणि वेग ३ गिगाहर्ट्झच्या खाली गेला. वाळलेल्या चुन्यासारख्या जुन्या पेस्टनेदेखील याहून बरे काम केले होते.

चूक दुकानदाराइतकीच माझीही होती, कारण वेष्टनावरचा आकडा पदार्थाचा असतो, सांध्याचा नसतो. उष्णतेला होणारा अडथळा जाडीला वाहकतेने आणि क्षेत्रफळाने भागून निघतो. नीट दाबलेल्या पेस्टचा थर साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आसपास राहतो, म्हणजे माणसाच्या एका केसाएवढा. माझे पॅड १ मिलिमीटरचे होते. वाहकता सारखी धरली तरी अडथळा २० पट झाला. त्यातून या प्रोसेसरमध्ये सहाही कोअर एकाच चकतीवर असतात, तिचे क्षेत्रफळ जेमतेम ७४ चौरस मिलिमीटर असते आणि ती झाकणाच्या मधोमध नसून एका बाजूला असते. म्हणजे उष्णता ४० मिलिमीटरच्या चौकोनातून सारखी बाहेर पडत नाही. ती नखाएवढ्या जागेतून उसळी मारून येते आणि तिथेच एक मिलिमीटरची रबरी गादी पसरलेली होती.

पॅड काढल्यावर दोन्ही धातूंवर सिलिकॉनच्या तेलाचा ओलसर डाग राहिला होता. तो पुसता पुसता ठरवले की आता वाचल्याशिवाय काही विकत घ्यायचे नाही.

वाचून जी पहिली गोष्ट उमगली ती अशी की ‘थर्मल पॅड’ या एका नावाखाली तीन अगदी वेगळे पदार्थ विकले जातात, आणि पेस्ट की पॅड हा वाद बहुतेक वेळा दोन्ही पक्ष वेगवेगळ्या पॅडविषयी बोलत असल्यामुळे चालू राहतो. पहिले मी फसलो ते सिलिकॉनचे जाड पॅड. दुसरे ग्राफाइट किंवा कार्बनचे, कागदासारखे पातळ पॅड. तिसरा प्रकार म्हणजे अवस्थांतर करणारा पत्रा. तो खोलीच्या तापमानाला घट्ट असतो आणि तापला की मेणासारखा मऊ होऊन खळग्यांत शिरतो. द्रवरूप धातू हा चौथा पर्याय मी दोन मिनिटांत बाजूला ठेवला, कारण त्यात गॅलियम असते, गॅलियम अॅल्युमिनियमला पोखरते आणि माझ्या कूलरचा तळ अॅल्युमिनियमचाच आहे.

आधी पेस्टची बाजू पारखली. आमच्याकडे टीव्ही-अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे जी पांढरी पेस्ट वापरतात ती बहुधा सिलिकॉन ग्रीसमध्ये कालवलेले झिंक ऑक्साइड असते. ट्रान्झिस्टरला ती पुरते, पण उन्हाळाभर तापणाऱ्या प्रोसेसरला मला ती लावायची नव्हती. मी आर्क्टिकची एमएक्स-४ मागवली. किती लावायची यावर जेवढे मतभेद आहेत तेवढे पुरणपोळीत साखर की गूळ यावरही नसतील. मी तुरीच्या दाण्याएवढा एक ठिपका मध्ये आणि त्याच्या निम्म्याने चार ठिपके कोपऱ्यांकडे ठेवले, हीटसिंक सरळ खाली टेकवला आणि स्क्रू तिरपे, म्हणजे एकानंतर त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला, असे दोन-दोन फेरे देत आवळले. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर पेस्ट दुसरीकडे पळते आणि पाचर तयार होते. पहिल्या वेळी खात्री करण्यासाठी पुन्हा उघडून पाहिले. थर इतका पातळ पसरला होता की झाकणावरची अक्षरे त्यातून पुसट दिसत होती. पुसून पुन्हा लावली. दुपारी ३ वाजता खोली ३८ अंशांवर असताना पूर्ण भारावर ८७ अंश आले, म्हणजे भर ४९ अंशांची. वेग पुन्हा ४ गिगाहर्ट्झजवळ आला.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण धाकट्या बहिणीच्या झेरॉक्सच्या दुकानातला संगणक मलाच पाहावा लागतो, आणि तो वर्षानुवर्षे कुणी उघडत नाही. तिथे न वाळणारे काहीतरी हवे होते, म्हणून थर्मल ग्रिझलीचे कार्बोनॉट हे कार्बनचे पॅड मागवले. ३८ मिलिमीटरचा चौकोन, जाडी ०.२ मिलिमीटर, आणि वेष्टनावरचा आकडा ६२.५, म्हणजे माझ्या पेस्टच्या ८.५ च्या सातपटीहून जास्त. आता आकड्यांना भुलायचे नाही असे ठरवले होते, तरी ते आधी माझ्याच यंत्रावर लावून पाहण्याचा मोह आवरला नाही. खोली ३९, प्रोसेसर ९१, भर ५२ अंशांची. पेस्टपेक्षा तीन अंश जास्त. कारण पुन्हा तेच. पॅड पेस्टहून कितीतरी जाड आणि मुळात घन. ते दाबाने थोडेफार बसते, पण द्रवासारखे प्रत्येक खळग्यात उतरत नाही, त्यामुळे उष्णता पॅडमधून भराभर जाते आणि पॅडच्या दोन्ही पृष्ठभागांवर अडखळते. दाब कमी पडला तर हा फरक आणखी वाढतो; एक स्क्रू अर्धा फेरा सैल ठेवून पाहिला, तर दोन अंश लगेच चढले.

तरीही मला ते पॅड आवडले. ते हाताला काही लागू देत नाही, वाळत नाही, आणि काढून जपून ठेवले तर पुन्हा लावता येते. जपून हा शब्द मात्र महत्त्वाचा. ते कुरडईच्या वाळल्या पापुद्र्यासारखे ठिसूळ असते आणि चिमटीत वाकडे धरले की कड तुटते. दुसरे म्हणजे त्यातून वीज वाहते. झाकणाबाहेर सरकलेला कोपरा किंवा तुटून मदरबोर्डवर पडलेला कण एखाद्या उघड्या जोडणीवर बसला, तर तीन अंशांपेक्षा बरेच महाग पडेल. मी टॉर्च लावून सगळ्या कडा तपासल्या आणि मगच वीज सुरू केली. बहिणीच्या दुकानातल्या कामाला तीन अंशांनी काही फरक पडत नाही. ते पॅड तिकडे गेले आणि माझ्या यंत्रावर पेस्ट परत आली.

खरी डोकेदुखी लॅपटॉपची होती. ग्राहकाकडे जाऊन अल्बम दाखवायला मी तो वापरतो. आदल्या वर्षी त्यात चांगली पेस्ट भरून घेतली होती. तीन-चार महिने तो उत्तम चालला आणि मग पुन्हा पहिल्यासारखा तापू लागला. त्या वेळी मी पेस्ट नकली निघाली असे समजून विक्रेत्याला मनातल्या मनात बरेच बोललो होतो. आता उघडून पाहिले, तर पेस्ट वाळलेली नव्हती. ती चिपच्या मधून सरकून कडेला बांध घालून बसली होती. लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवर धातूचे झाकण नसते, उघड्या चिपवर थेट तांब्याचा तळ दाबलेला असतो. यंत्र तापते-निवते तसे दोन्ही भाग कमी-अधिक प्रसरण पावतात, त्यांच्यातली फट सूक्ष्म प्रमाणात उघडझाप करते आणि प्रत्येक वेळी थोडी पेस्ट बाहेर ढकलली जाते. पातळ पेस्ट लावायला सोपी असते, पण इथे तीच सर्वांत आधी पळते.

यावर उपाय म्हणून हनीवेलचा पीटीएम७९५० हा अवस्थांतर करणारा पत्रा मागवला. तो साधारण ४५ अंशांवर मऊ होतो, आणि मे महिन्यात अकोल्यात तो आधी कुरिअरच्या पिशवीतच मऊ होऊन आला. दोन्ही बाजूंच्या संरक्षक पापुद्र्यांना तो असा धरून बसला होता की सोलायला गेलो तर निम्मा पत्रा त्यांच्यासोबत निघाला. उरलेला भाग फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवायचा हे नंतर कळले. पन्ह्यासाठी उकडून ठेवलेल्या कैऱ्यांशेजारी ते पाकीट पाहून आईने विचारले, “हे काय ठेवलं बापा फ्रिजमधी?” आणि मी संगणकाचे मलम म्हणून सांगितले. गार झाल्यावर मात्र पापुद्रा कागदासारखा सरळ सुटला. चिपपेक्षा दोन्हीकडून मिलिमीटरभर मोठा तुकडा कापून ठेवला आणि दुसरा पापुद्रा सोलला.

लॅपटॉपमध्ये पत्रा बसवण्यापेक्षा जास्त वेळ गेला तो शेजारच्या ग्राफिक्स मेमरीवर आणि वीजपुरवठ्याच्या चिप्सवर असलेल्या जुन्या पॅडमुळे. ती सिलिकॉनचीच जाड पॅड होती आणि इथे तीच बरोबर होती, कारण या चिप्स प्रोसेसरपेक्षा बुटक्या असतात आणि त्यांच्यावर हीटसिंक मुळात टेकतच नाही. मध्ये मिलिमीटरभर मोकळी जागा असते, जी पेस्टने कधीच भरता येणार नाही. जुनी पॅड काढताना फाटली. दाबून चपटे झालेले पॅड मोजून अंदाज बांधणे अवघड असते. मी व्हर्नियरने मोजून १.५ मिलिमीटरची घेतली आणि तिथेच फसलो. सगळे स्क्रू लावल्यावर प्रोसेसरच्या काही कोअरचे तापमान इतरांपेक्षा १५ अंश जास्त दिसू लागले. उघडून पाहिले, तर चिपच्या एका कडेला पत्र्यावर तांब्याचा ठसाच उमटला नव्हता. जाड पॅडने हीटसिंक एका बाजूने उचलून धरला होता. १ मिलिमीटरची पॅड लावली आणि वाया गेलेला पत्रा पुसून नवा तुकडा कापला.

पहिल्या संध्याकाळी आकडे पाहून निराशा झाली, कारण ते जुन्या पेस्टपेक्षा फारसे वेगळे नव्हते. हा पत्रा ताज्या पेस्टसारखा लगेच काम करत नाही. तो अनेकदा तापून, मऊ होऊन, दाबाने पातळ होत जातो. आठवडाभराच्या वापरानंतर त्याच कामाला, त्याच खोलीत, तापमान सहा अंशांनी उतरलेले होते. हे मी जूनच्या आरंभी लिहून ठेवले. आता वर्ष होत आले तरी लॅपटॉपचा आकडा तिथेच आहे, जे पेस्टच्या बाबतीत चौथ्या महिन्यातच बिनसले होते.

डेस्कटॉपवर तोच पत्रा का लावला नाही, असे मला एका व्यवसायबंधूने विचारले. लावला तर चालेलच. पण झाकणाचा प्रोसेसर पेस्टला उघड्या चिपइतका ढकलून देत नाही, आणि धुळीच्या नमद्यापायी मला ते यंत्र दर उन्हाळ्यात खोलावेच लागते. ज्या दिवशी खिडकीतल्या कूलरचे गवत बदलतो त्याच दिवशी तुरीच्या दाण्याएवढी पेस्टही बदलून टाकतो, यंत्र १५ मिनिटे गरम करून आणि हीटसिंक पिळून. पुढच्या वर्षी दहा अंशांची सूट मिळवायची असेल तर तो पैसा मी पेस्टवर न घालता जरा मोठ्या, तांब्याच्या नळ्या असलेल्या कूलरवर घालीन.

निळ्या सिलिकॉनच्या पॅडचा उरलेला तुकडा बरेच दिवस खणात पडून होता. मदरबोर्डवरच्या एम.२ एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवणाऱ्या छोट्या कार्डावर, एक अॅल्युमिनियमची पट्टी येते आणि तिच्या खाली कंट्रोलर चिपपर्यंत जवळपास मिलिमीटरभर मोकळी जागा आहे, हे मला पेस्ट बदलताना दिसले. पट्टीच्या मापाने तो तुकडा कापून तिथे बसवला. मोठ्या फाइली कॉपी करताना ७१ अंशांवर जाणारी एसएसडी आता ६० च्या पुढे जात नाही.